दोन रिंगांपुरता फोन

एकदा एक वृद्ध गुरुजी मोबाईलच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले होते. दुकान अजून उघडायचं होतं. हातात रुमाल होता आणि रुमालात बंद पडलेला, पाठीला फुगलेला जुना फोन. समोरच्या घड्याळजीच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे ते दर दोन मिनिटांनी पाहत होते. साडेआठ होऊन गेले होते.

दुकान त्यांच्याच शिष्याचं होतं. शिष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोवळा मुलगा उभा राहतो. हा उत्तम मात्र चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, तालुक्याच्या बाजारपेठेत नाव कमावलेला व्यापारी होता. गुरुजींनी शिकवलेलं गणित त्यानं गिऱ्हाइकांवर पुरेपूर वापरलं होतं. तरी गुरुजी दिसले की त्याच्या हातातली गाडीची किल्ली आपोआप खिशात जायची आणि तो वाकून नमस्कार करायचा. माणसात एवढं शिल्लक असलं की पुष्कळ झालं.

"गुरुजी, निरोप पाठवायचा, मी घरी आलो असतो." असं म्हणत त्यानं शटर वर केलं.

"निरोप पाठवायला फोन लागतो बाबा," गुरुजी म्हणाले. "नऊच्या आत होईल का?"

उत्तमनं काचेवर एकापेक्षा एक मोठे फोन मांडले. यात नातवंडं दिसतात, यात कीर्तन दिसतं, यात पावलं मोजली जातात. गुरुजींना मूलबाळ नव्हतं. पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली होती. ग्रंथालयामागच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत, आणि पावलं मोजायची म्हटली तर ती बाजारापर्यंत जाऊन परत येण्याइतकीच उरली होती.

"मला तीनच गोष्टी हव्यात," ते म्हणाले. "वाजला तर मला ऐकू यावा. बटण बोटाला लागावं. आणि लावलेला फोन झटकन कापता यावा."

असली अट उत्तमनं आजवर ऐकली नव्हती. त्यानं खालच्या खणातून बटणांचा, सगळ्यात साधा फोन काढला. रिचार्जही सगळ्यात लहान घातलं. गणिताचे शिक्षक असल्यामुळे अठ्ठावीस दिवसांचा महिना गुरुजींना काही केल्या पटेना, पण वाद घालायला वेळ नव्हता. उत्तमनं जुन्या फोनमधलं सिम काढून नव्यात बसवलं, फोन चालू केला, आणि बरोबर नऊ वाजता तो त्याच्या हातातच वाजला.

दुकानदाराचा हात तो. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उत्तमनं फोन उचलला. पडद्यावर नुसता आकडा होता. "हॅलो, कोण? ... नरहर सर? अहो, मी उत्तम! गुरुजी इथंच आहेत, देतो हं."

त्यानं फोन पुढे केला. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले, जोरानं मान हलवली, आणि ते पायरी उतरून चालू लागले. फोन तसाच राहिला. एवढ्यात एक बाई मोबाईलचं कव्हर बघायला आल्या. उत्तमनं फोन काउंटरवर पालथा ठेवला आणि तो कव्हरं काढू लागला.

दुपारी तो फोन घेऊन गुरुजींकडे गेला. गुरुजी खिडकीशी बसले होते.

"माझं काय चुकलं ते सांगा," तो म्हणाला.

"तुझं काही चुकलं नाही. फोन वाजला की उचलायचा, हे जगाचं वागणं आहे. आमचं वागणं निराळं आहे." गुरुजी खिडकीकडून त्याच्याकडे वळले. "नरहरचा आणि माझा बावीस वर्षांचा अबोला आहे."

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सरांचा फोन आला म्हणजे ते कधीच मिटलं असेल, असं उत्तमला वाटलं होतं. एकाच शाळेत एक गणिताचे, एक कवायतीचे. एका ताटात जेवलेले. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर कुणाचं नाव वर छापायचं, यावरून दोघांचं फाटलं. पुढे नरहरराव नदीपलीकडच्या आपल्या गावी जाऊन राहिले. दोघेही शहाणे, म्हणून भांडण मिटलं नाही. मूर्ख असते तर आठ दिवसांत विसरले असते.

"ही गेली," गुरुजी सांगू लागले, "तेव्हा नरहर आला होता. लोकांच्या मागे उभा राहिला आणि बोलल्याशिवाय निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फोन वाजला. दोन रिंगा, आणि बंद. मी ओळखलं. मीही त्याला दोन रिंगा दिल्या आणि कापला. त्या दिवसापासून आजवर एक दिवस चुकलेला नाही. तो म्हणतो, मी आहे. मी म्हणतो, मीही आहे. एवढ्यासाठी मोठा फोन कशाला लागतो? मोठ्या फोनवर तोंड दिसतं, आणि तोंड दिसलं की बोलावं लागतं."

"पण नऊ वर्षं, गुरुजी! नुसत्या मिस्ड कॉलवर?"

"हे बघ उत्तम, मी या खोलीत मेलो तर दूधवाला दोन दिवस पिशवी कडीला अडकवून जाईल. तिसऱ्या दिवशी त्याला शंका येईल. नरहरला मात्र नऊ वाजून एक मिनिटानं कळेल. जगात मला एवढा एकच माणूस उरलाय. त्याच्याशी बोललो आणि पुन्हा एखादा वाकडा शब्द गेला, तर तोही उरणार नाही. मुकेपणानं जे टिकलंय ते बोलून का घालवायचं?"

उत्तमला ते पटलं. गुरुजी बोलले की त्याला नेहमीच पटायचं. फोन ठेवून तो परत आला.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुजी पुन्हा पायरीवर हजर. "फोन बिघडलाय," ते म्हणाले. "वाजत नाही."

उत्तमनं आपल्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. गुरुजींच्या हातातला फोन खणखणीत वाजला. पलीकडचा घड्याळजीसुद्धा वळून पाहू लागला. गुरुजी त्या वाजणाऱ्या फोनकडे बघत राहिले. तो बिघडलेला असता तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

"तीन दिवस झाले," ते म्हणाले. "त्याची रिंग नाही. मी देतो, तर उलट येत नाही. आज तर मी कापलाच नाही, पूर्ण वाजू दिला. कुणी उचलला नाही." त्यांनी फोन उत्तमपुढे केला. "मला भीती वाटते रे."

उत्तमनं फोन हातात घेतला आणि आलेल्या कॉलची यादी उघडली. बटणांच्या साध्या फोनलाही तेवढं येतं: कुणाचा, कधी, किती वेळ. उत्तमचा आत्ताचा सोडला तर शेवटचा आलेला कॉल तीन दिवसांपूर्वीचा, सकाळी नऊचा होता. उत्तमनं आकडा पाहिला, डोळे चोळले आणि पुन्हा पाहिला.

"गुरुजी, त्या दिवशी मी फोन बंद केला नव्हता. उलटा ठेवला आणि विसरलो. मला वाटलं, सरांनी तिकडून ठेवला असेल."

"मग?"

"त्यांनी ठेवला नव्हता. चार मिनिटं अकरा सेकंद आहे इथं."

गुरुजी काचेला धरून उभे राहिले. मी देतो हं, असं एकानं सांगितलं होतं, आणि त्या भरवशावर एक म्हातारा फोन कानाला लावून चार मिनिटं वाट पाहत होता. बावीस वर्षांनी आवाज येईल म्हणून. तो आला नाही. इथं ज्यांचं अबोल्याचं शास्त्र इतकं पक्कं होतं, त्यांनी हात मागे घेतले होते.

"तो थांबला," गुरुजी म्हणाले. "त्याच्या जागी मी असतो तर थांबलो नसतो. तुला त्या दिवशी जे शहाणपण सांगितलं ना, ते सोडून दे. ती भीती होती. मी तिला नियमाचे कपडे घालून बसवलं होतं." मग ते म्हणाले, "तुझी गाडी आहे ना?"

भर बाजाराच्या दिवशी उत्तमनं शटर ओढलं. मोटारसायकलवरून पूल ओलांडून ते निघाले. वाटेभर गुरुजींनी त्याच्या खांद्याला धरून ठेवलं होतं आणि ती पकड सैल होत नव्हती. आरोग्य केंद्राजवळ उत्तमनं गाडी हळू केली, तेव्हा मागून आवाज आला, "थांबू नकोस. जे असेल ते घरी गेल्यावर कळेल."

नरहररावांच्या दाराला आतून कडी होती. उत्तमनं दार वाजवलं. आत खोकल्याचा आवाज झाला, आणि गुरुजींनी डोळे मिटून घेतले. माणूस जिवंत होता.

दार उघडलं. ताठ कण्याचे नरहरराव काठीवर आले होते. त्यांनी गुरुजींना पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि उत्तमला विचारलं, "दुकानातला आवाज तुझाच होता का रे?"

"हो सर."

"एका बाईंना गुलाबी कव्हर हवं होतं. तुझ्याकडे नव्हतं."

"नव्हतं सर." उत्तमची मान खाली गेली. त्या चार मिनिटांतला शब्द न् शब्द ते ऐकत राहिले होते, हे त्याला तेव्हा उमगलं, आणि तीन दिवस रिंग का आली नाही तेही.

नरहररावांनी दोघांना आत घेतलं, खुर्च्या दाखवल्या. अबोल्यातली माणसं तिसऱ्याच्या तोंडून बोलतात, हे आपल्याकडे घरोघरी चालत आलेलं आहे. त्या रीतीला धरून ते उत्तमला म्हणाले, "यांना विचार, चहात साखर चालते का अजून."

उत्तमनं गुरुजींकडे वळून तोंड उघडलं, पण त्याला विचारावं लागलं नाही.

"चालते," गुरुजी म्हणाले. मग घसा साफ करून ते थेट नरहररावांना म्हणाले, "त्या दिवशी मी फोन घ्यायला हवा होता. माझं चुकलं."

काठी टेकत नरहरराव स्वयंपाकघरात गेले.

उत्तम हळूच म्हणाला, "गुरुजी, इतकं सोपं होतं, मग बावीस वर्षं का लागली?"

"सोपं होतं म्हणूनच लागली," गुरुजी म्हणाले. "अवघड काम असतं तर मी कंबर कसून केलं असतं. सोपं काम माणूस उद्यावर टाकतो. रोज नऊ वाजता तो उद्या मला मिळत गेला, आणि मी समजत गेलो की तो कायमच मिळणार आहे."

आतून खोकला आला. पाठोपाठ, कुणाच्याही मध्यस्थीशिवाय, हाक आली.

"वासू, दूध संपलंय रे. कोरा घेशील?"

उत्तम चमकला. उभ्या आयुष्यात गुरुजींना या नावानं हाक मारलेली त्यानं ऐकली नव्हती. गावात त्यांना सगळे गुरुजीच म्हणत. वासू म्हणणारी आई गेली, बहीण गेली, शाळेतले सोबती गेले. आता तसं म्हणणारा एकच माणूस पृथ्वीवर होता आणि तो आत चहा टाकत होता.

"घेईन," गुरुजी म्हणाले, आणि त्यांना रडू आवरलं नाही.

आपल्याला नावानं हाक मारणारी माणसं उतारवयात फार थोडी उरतात. ती आहेत तोवर फोन कसलाही पुरतो, तो तेवढा कानाला लावावा.