कावळ्याला दिलेला शब्द

धुराने खोकून खोकून बायको गेली, तेव्हा हैबती सुताराने चिलीम सोडली. सुभानराव इनामदारांना ते खपेना. आपली चिलीम नाकारणारा माणूस गावात नको होता. भर सदरेत त्यांनी पेटलेली चिलीम त्याच्यापुढे धरली.

"ओढ लेका. आता खोकायला घरात कोण उरलंय?"

सदर हसली. वासाने हैबतीचा हात पुढे सरकू लागला. त्याने तो मांडीखाली दाबला.

"सरकार, दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. चिलीम सोडतो म्हणालो, तेव्हा शिवला. त्यानं नेलेला घास तेवढा परत आणून द्या, लगेच ओढतो."

कोणी हसलं नाही. इनामदारांनी चिलीम मागे घेतली.

हैबतीची तलफ मात्र गेली नव्हती. ती तशीच घेऊन तो रिकाम्या घराकडे निघाला.