खडेखोलचा अक्षरसडा

चपला इथंच काढा, पाहुणे. पुढच्या कातळावर चपला घालून जायची रीत नाही. तिथं देव नाही, शेंदूरही नाही, पण वाकून बघा, म्हणजे दगडात कोरलेली अक्षरं दिसतील. काही हातभर उंच, काही बोटाएवढी, आणि एक ओळ सरळ असेल तर शपथ. खडेखोलचं पोर शाळेत पाऊल टाकायच्या आधी या खाचांतून बोट फिरवतं. ते बोट धरायला आईबाप चालत नाहीत, थोरलं भावंडच लागतं. का, ते सांगतो. सांगताना मला जरा लाज वाटते, कारण गोष्टीतला लबाड पाटील आमचाच पूर्वज.

पेंढाऱ्यांचा धुमाकूळ चालला होता तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. गडावरचा जासूद घाईघाईनं एक पत्र टाकून गेला. गावात अक्षर वाचणारा एकही माणूस नव्हता. पण सरकारचा कागद म्हणजे केवढा मान! सोनजी पाटलांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, जानाईच्या देव्हाऱ्यात ठेवलं आणि रोज निवद दाखवला. नवव्या दिवशी पेंढारी आले. सतरा माणसं गेली, त्यांत पाटलांचा थोरला मुलगा होता. पुढं महिनाभरानं विसाजीपंत नावाचे एक गृहस्थ पोटापाण्यासाठी घाट चढून आले, त्यांनी ते पत्र वाचून दाखवलं. गुरं-माणसं घेऊन आठ दिवसांत रानात शिरा, एवढंच त्यात होतं.

पाटलांनी पंतांना जानाईपुढं नेलं आणि बेलभंडार उचलायला लावला. गावातल्या शेवटच्या पोराला वाचता येईपर्यंत खिंड उतरायची नाही, अशी शपथ. पंतांनी पोरं मोजली, अकरा भरली. दोन वर्षांचं काम. खाली कोकणात बायको होती आणि सहा महिन्यांची मुलगी. डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं अन्न मिळत होतं, पंतांनी आनंदानं शपथ घेतली. चांगला माणूस पटकन फसतो, तो असा.

दोन वर्षांनी अकराच्या अकरा वाचायला लागली. दसऱ्याला पंतांनी वळकटी बांधली, तर पाटील तीन नवी पोरं घेऊन दारात उभे. म्हणाले, "ही बी गावातलीच हायती, पंतोजी." पुढच्या दसऱ्याला चार आली. मग पाच.

खोली एकच, चावडीमागची, एक दार आणि एक झरोका. तिच्यात पाच वर्षांचं पोर धुळाक्षरं गिरवतंय, नऊ वर्षांचं पावकी घोकतंय आणि तेरा वर्षांचं जुनी पत्रं वाचतंय. धाकट्याचा हात धरावा तर थोरल्यांचे पाढे चुकायचे, थोरल्यांकडं वळावं तर धाकटी धूळ एकमेकांच्या डोळ्यांत घालायची. पंतांचं एक वाक्य कधी पुरं झालं नाही. झरोक्यातून खिंड दिसायची. पंत दोनदा तिथवर गेले आणि दोनदा परत फिरले. भंडार उचललेला हात खोटा पडला, तर त्या हातानं लेकीला कसा उचलणार, असं म्हणायचे.

सात वर्षं अशी गेली. वर्षातून एकदा सुपं विकणारा बुरूड निरोप आणायचा. पोरगी चालायला लागली. पोरगी बोलायला लागली. एकदा निरोप आला, पोरगी विचारते, बाबा दिसतात कसे?

त्यावर कळस म्हणजे, गावानं पोरांना पढवून ठेवलं होतं. येत असलं तरी येत नाही म्हणायचं. पाटलांचा नातू पांडू रोज नेमानं 'अ' विसरायचा. एके दिवशी पंतांनी त्याला छडीनं झोडपलं. पोर रडत रडत बोलून गेलं, "मला येतंय, पर आजा सांगू नगं म्हन्तो." पंतांनी छडी खाली ठेवली. सगळ्या वर्गासमोर ते भिंतीला टेकून बसले आणि हुंदके देऊन रडले.

मागच्या कोपऱ्यात धनगराची येसू बसायची. मुलींना तेव्हा शाळा कुठली, पण धाकटा भाऊ तिच्या कडेवरून उतरत नसे, म्हणून तिला आत बसू देत. ऐकून ऐकून ती सगळं शिकली होती. तिनं विचारलं, "पंतोजी, तुमची ल्येक केवढी?"

"असेल या पांडूएवढी."

"मग तिला कोन शिकिवतं?"

पंतांनी झरोक्यातून खिंडीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून येसू गुरांमागं या सड्यावर, या उघड्या कातळावर आली आणि इळ्याच्या टोकानं कातळावर अक्षरं कोरायला लागली. शाळेतली थोरली पोरं तिच्याबरोबर. प्रत्येकानं आपलं एक धाकटं भावंड धरलं, शाळेचं तोंड न पाहिलेलंसुद्धा. तेरा वर्षांच्यानं नऊच्याला, नऊच्यानं सहाच्याला, सहाच्यानं चारच्याला. गुरं शेतात शिरली, पोरांनी मार खाल्ला, पण घरी एकानंही तोंड उघडलं नाही. आठ महिने हे चाललं होतं म्हणे.

दसऱ्याला पाटील सहा नवी पोरं घेऊन आले. येसूनं देव्हाऱ्यातलं ते जुनं पत्र आणून त्या सहांतल्या सर्वांत धाकट्यापुढं ठेवलं. त्यानं बोट फिरवत, अडखळत, गुरं-माणसं इथपर्यंत वाचलं. मग दुसऱ्यानं पुढचं वाचलं. पांडूनंही वाचलं, आजाच्या तोंडाकडं न बघता. पाटलांच्या मुलाचा जीव ज्या न वाचलेल्या ओळीपायी गेला, ती ओळ गावातली पोरं वाचत होती.

पाटील तरी चिवट माणूस. म्हणाले, "पाळन्यातली ऱ्हायली की अजून."

"त्यास्नी आमी शिकवू," येसू म्हणाली. "पंतोजींस्नी जाऊ द्या, पाटीलबाबा. त्यांची ल्येक ऱ्हायलीया."

पाटलांनी स्वतः वळकटी उचलली आणि पंतांना खिंडीपर्यंत पोचवलं. पंत उतरून गेले, ते परत आले नाहीत. गाव त्यांची वाट बघायला बरीच वर्षं खिंडीत जाऊन बसायचं, पण शाळा काही बंद पडली नाही.

आता सरकारी शाळा आहे. खोली मात्र अजून एकच. पहिली ते चौथीची एकोणीस पोरं, आणि शिकवायला एकट्या घोलप बाई. त्यांचा चार वर्षांचा मुलगा खाली कोकणात आजीकडं असतो. आजही दसऱ्याला पाटीपूजन झालं की सगळी पोरं मुलाला भेटायला निघालेल्या बाईंना खिंडीपर्यंत सोडायला जातात. सर्वांत थोरलं पोर म्हणतं, "तुमी जावा, शाळा आमी बघतो." मग पोरं फिरतात आणि मागं वळून बघत नाहीत. वळून बघितलं की जाणाऱ्याचा पाय अडकतो, असं आम्ही त्यांना शिकवलंय. माझ्या हयातीत तीन मास्तर उतरून गेले ते आलेच नाहीत. त्यांच्या नावानं गावात कुणी बोटं मोडत नाही. मी मात्र दर वर्षी त्या वळणापाशी उभा राहतो आणि बाई दिसेनाशा होईपर्यंत बघत बसतो. पाटलाचं रक्त आहे, जाणार कुठं.