धनेशरावांचा लेख

फार पूर्वी, रानात दर दिवाळीला अंक निघायचा तेव्हाची ही गोष्ट. अंकाच्या संपादक होत्या साळिंदर साळूबाई. एकदा म्हातारे धनेश पक्षी आपल्या गेलेल्या बायकोवर लेख घेऊन त्यांच्याकडे आले. तिच्यावरचं काहीतरी छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"धनेशराव, पहिली चार पानं नुसता सूर्यच उगवतोय," साळूबाई म्हणाल्या. "वहिनी कुठं आहेत?"

"येतील ना! आधी वातावरण नको का?"

"त्या येईपर्यंत वाचणारा झोपेल. जरा मोठ्यानं वाचा बघू."

धनेशराव वाचू लागले. 'हे दिव्य सहचारिणी' म्हणताना त्यांचीच जीभ अडखळली. जिवंतपणी तिला ते असं काही म्हणाले असते, तर ती हसून फांदीवरून पडली असती. शेजारची खार जांभया देत होती. मग कुठंतरी पाचव्या पानावर वाक्य आलं, 'अंडी उबवायला ती ढोलीचं तोंड लिंपून आत बसायची, तेव्हा मी फटीतून तिला उंबरं भरवायचो.'

खारीची जांभई अर्ध्यातच थांबली. "मग? काय म्हणायच्या काकू?"

धनेशरावांनी पुढं पाहिलं. पुढं पुन्हा सूर्यच होता.

"म्हणायची," ते हळूच म्हणाले, "इतकी वर्षं झाली, तुम्हाला अजून पिकलेलं उंबर ओळखता येत नाही. पण खायची सगळी."

"हे लिहिलंत कुठं?" साळूबाईंनी विचारलं.

"छे! हे काय लिहायचं?"

साळूबाईंनी कोरं पान त्यांच्यापुढं सरकवलं. "बसा इथंच. तुमच्यासाठी अंक थांबवते."