चुलीवर काय आहे?

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. लहानथोरांनी सांभाळून घ्यावं.

खूप जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं एका वाण्याचं इवलंसं दुकान होतं. आत पाऊल टाकलं की हळद, गूळ आणि गोणपाट यांचा मिळून एकच वास यायचा.

गावात एक विसराळू मुलगा होता. आईने दुकानात पिटाळलं की जिन्नसाचं नाव घोकत निघायचा, आणि वाटेत सरडा दिसला की सगळं विसरायचा. मग वाटी घेऊन दुकानापुढे रडवेला उभा राहायचा.

बाकीची पोरं हसायची. वाणी हसायचा नाही.

"चुलीवर काय आहे, बाळा?"

"आमटी."

"आणि आई काय करत होती?"

"डबा हलवून बघत होती. वाजलाच नाही."

"मग मोहरी संपली असणार!" वाणी वाटीत मोहरी घालायचा, हातावर गुळाचा खडा ठेवायचा. मुलगा ताठ मानेने घरी जायचा.

वर्षं सरली. मुलगा मोठा होऊन टोपल्या विणू लागला. स्वभावाने बुजराच राहिला. वाणी मात्र थकला. कुणी मीठ मागितलं तर साखर देऊ लागला. लोक हसू लागले.

एके दिवशी वाण्याचा पुतण्या वैतागला. "काका, आता एकाला जरी भलतंच दिलंत, तर दुकानाला कुलूप!"

म्हातारा उगाच तराजू पुसू लागला. दुकानाबाहेर त्याला दुसरं जगच नव्हतं.

तेवढ्यात शेजारची सून धावत आली. "आजोबा, ओवा द्या. बाळाचं पोट दुखतंय."

वाणी वळला आणि डब्यांसमोर थांबला. हात हवेतच राहिला.

"झोपलात की काय, आजोबा?" सून म्हणाली. पुतण्याने कुलूप उचललं.

टोपल्या विणणारा तरुण मागेच उभा होता. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण म्हाताऱ्याचा अडलेला हात बघून तो पुढे झाला.

"आजोबा, ही कुणासाठी आलीय?"

"बाळासाठी. पोट दुखतंय त्याचं."

"आमचं पोट दुखलं की आमच्या आयांना काय द्यायचात?"

हात सरळ ओव्याच्या डब्यावर गेला. वाण्याने चिमूटभर चोळून हुंगला. "घे पोरी. आणि पोट शेक त्याचं."

मग तो तरुणाकडे वळला. "तुला रे काय हवंय?"

तरुण गोंधळला. गडबडीत तो विसरूनच गेला होता!

"चुलीवर काय आहे, बाळा?" वाण्याने विचारलं, आणि पुतण्यालासुद्धा हसू आलं. पण कुलूप खाली ठेवताना तो पुटपुटला, "रोज कोण येणार असं विचारायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तरुणाने बांबूच्या कामट्या उचलल्या, आणि दुकानाच्या पायरीवर बसून टोपली विणायला घेतली.

विसरलेल्या माणसाला हसू नये. त्याला आठवेल असा प्रश्न विचारावा.