झिलूचा माड

फार वर्षांपूर्वी, आमच्या कांदळवाडीला रस्ता नव्हता तेव्हा, झिलू भंडारी माडावर चढून, शेंड्याला मडकं बांधून माडी काढायचा. ती इतकी गोड, की भरतीचा समुद्र वास घेत माडाच्या बुंध्यापर्यंत यायचा, असं म्हणतात.

गाव प्यायला लागलं. आधी सणाला, मग संध्याकाळी, मग सकाळीच. सगळ्यांत पुढे केरू तांडेल, झिलूच्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे रापण असते. समुद्रात मोठं जाळं टाकायचं आणि सगळ्या गावाने ते किनाऱ्यावरून ओढायचं. ओढायची हाक केरूची. तोच झिंगून पडला की जाळं वाळूत पडून राही. बांगडा येई आणि निघून जाई. चुली थंड.

एक दिवस बहीण सुंद्री माडाखाली येऊन उभी राहिली. "झिल्या, माझो घो तुझ्या मडक्यात बुडालो रे!"

झिलूचं पोट माडीवरच होतं. तरी तो म्हणाला, "उद्यापास्ना मडका खाली येवचा नाय. जेका व्हयी तेना वर चढाचा."

गाव खवळलं. "आमी काय माकडां?"

"माकडां पियनत नाय," झिलू म्हणाला.

केरू चढला. नडग्या सोलल्या, छाती खरवडली. वर पोचताच त्याने मडकं तोंडाला लावलं. पण त्या माडाला एक गुण होता, असं म्हणतात. एक घोट घेतला की माड हातभर वाढे. केरूने मडकं रिकामं केलं आणि खाली पाहिलं. होडी करवंटीएवढी, बायको मुंगीएवढी.

"झिल्या, माड खाली घे रे!"

"माड थयच आसा. तू किती ढोसलंस ता सांग!"

नशा उतरली तसा माड उतरला. केरू घरी पोचला तेव्हा दिवे लागले होते. सुंद्री इतकी हसली, की रागवायचं विसरली.

केरू रोज चढत राहिला. रोज कमी पीत गेला, कारण उतरायचं होतं. चढून दमलेल्या माणसाला दोन घोट पुरतात. तेवढीच माडी त्याला कधी नव्हती इतकी गोड लागली.

एका सकाळी पहिला घोट घेऊन त्याने समुद्राकडे पाहिलं. पाण्यावर काळी सावली सरकत होती. बांगडा! मडकं तसंच सोडून तो घसरत खाली आला. त्याची हाक खाडीपलीकडे ऐकू गेली. जाळं इतकं भरलं, की ओढायला देवळातला देव उतरला, असं म्हणतात. देवाच्या तळहातावर दोरीचे वळ आहेत. जाऊन बघा.

झिलू म्हातारपणी एकदा वर चढला तो उतरलाच नाही. अजून तिथेच बसून कोण किती पितो ते बघतो, असं म्हणतात.

आता माडीपेक्षा मोबाईलची नशा मोठी. म्हणून रापणीच्या पहिल्या दिवशी आम्ही झिलूचं नाव घेऊन सगळ्यांचे मोबाईल टोपलीत घालतो आणि माडावर टांगतो. ज्याला हवा त्याने चढावं. मनाई नाही. बघावा, टोपलीत ठेवावा, उतरावं.

गेल्या वर्षी सरपंच चढला. वर टोपलीत फोन वाजत होता. त्याने दोन्ही हातांनी माडाला मिठी मारलेली, फोन घ्यायला हात कुठला? खाली ओरडला, "अरे, कोणाचा तो वर येऊन बघा तरी!"

आम्ही कुठले बघतोय? आम्ही जाळं ओढत होतो.