हलकं बाळ

खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं एक गाव होतं, आणि त्या गावात बस्त्याव नावाचा एक म्हातारा राहत होता. त्याचं गावात फार वजन होतं. तो काही फार शहाणा होता असं नाही. पुष्कळ वर्षं जगला होता, आणि दर नाताळला गोठ्याच्या स्पर्धेत त्याचाच पहिला नंबर यायचा. म्हाताऱ्या माणसाला वजन यायला एवढं पुरतं.

गोठा म्हणजे नाताळात घरोघरी मांडतात तो देखावा. गाईगुरं, मारिया, योसेफ, मेंढपाळ, भेटी आणणारे तीन राजे, आणि मधे गव्हाणीत निजलेला बाळ येशू. पूर्वी या गावात गोठा पेंढ्याचा आणि चिकणमातीचा व्हायचा. सण सरला की पेंढा म्हशीपुढं जायचा, माती अंगणात. मग थर्माकोल आला. चमकी आली, प्लास्टिकचं गवत आलं, विजेवर चालणारे धबधबे आले. बर्फ या गावानं फक्त मासळीच्या टोपलीत पाहिला होता, पण बेथलेहेमात तो हातभर साचू लागला.

स्पर्धा म्हटल्यावर गोठा दरवर्षी नवा हवा. मग जुन्याचं काय? देवाची वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, असा वडीलधाऱ्यांचा नियम. म्हणून नाताळानंतर बारा दिवसांनी तीन राजांचा सण झाला की सगळे गोठे होडीत भरायचे, ओहोटी लागली की खाडीच्या मधोमध न्यायचे आणि हात जोडून सोडून द्यायचे. बाळ येशूसकट.

बस्त्यावची सून आगाथा लग्न होऊन आली, तेव्हा तिनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "पापा, हे जातं कुठं?"

"लांब."

"लांब म्हणजे?"

"लांब म्हणजे लांब. बापजाद्यांपासूनची चाल आहे, गो."

बापजाद्यांनी थर्माकोल पाहिलासुद्धा नव्हता. पण नव्या सुनेनं यापुढं विचारलं तर तिचं माहेर काढतात.

यंदा पावसाळा सरताना आगाथाला मुलगी झाली. गुटगुटीत, मांडीवर घेतली की मांडीला मुंग्या येतील अशी. तिचा बाप मोठ्या बोटीवर कामाला होता, तो सणालाच परतणार होता. त्याच दिवशी देवळात पोरीचा बाप्तिस्मा व्हायचा होता आणि तिचं नाव ठेवायचं होतं. तोवर सगळे तिला नुसतं बाय म्हणत. म्हाताऱ्याचा सगळा जीव त्या बायमध्ये.

नाताळ तोंडावर आला होता. सकाळी खाडीवरून धुकं गावात शिरलं होतं. बस्त्यावनं दार उघडलं तर पायरीवर काहीतरी निजलेलं. तो वाकला. मागच्या वर्षी त्यानंच सोडलेला बाळ येशू होता, प्लास्टिकचा. अंगभर काळा चिखल, मानेत शेवाळ, गालाला बारीक शिंपल्या चिकटलेल्या, एक डोळा गेलेला. आशीर्वादाचा हात वर होता, पण बोटं कुरतडलेली. तोंड दाराकडं होतं. आणि पायरीपुढच्या ओल्या मातीत कुणाचाच पाय उमटलेला नव्हता.

म्हाताऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं. मूर्ती लुंगीत गुंडाळली, बंधाऱ्यावर गेला आणि खाडीत भिरकावून दिली. घरी येऊन हातपाय धुतले आणि रोजच्यासारखी बाय पाळण्यातून उचलली.

"आगाथा, हिनं दूध नाही घेतलं?"

"आत्ताच प्यायलीय. का?"

"काही नाही. हलकी लागली जराशी."

दुसऱ्या सकाळी तोच बाळ येशू पायरीवर, आणि त्याच्यामागं अंगणभर रांग. एक गाय, शिंगं मोडलेली. एक मेंढपाळ, अर्धं तोंड नसलेला. मान तुटलेला राजा, हातात भेटीची पेटी तशीच. सगळ्यांची तोंडं दाराकडं. लग्नाच्या वरातीत पाहुणे दाराशी खोळंबावेत तशी ती उभी होती.

या वेळी म्हातारा होडी घेऊन पार खाडीच्या तोंडाशी गेला आणि सगळं ओहोटीत सोडून आला. परत आला तेव्हा आगाथा न्हाणीच्या दारात उभी होती. रंग उडालेला.

"पापा, ही पाण्यात बसत नाही."

"म्हणजे?"

"परातीत ठेवली की वर येते. बुचासारखी."

बातमी गावात पसरली आणि अनुभवी माणसं गोळा झाली. एका म्हातारीनं मीठमिरच्या ओवाळून दिष्ट काढली. दुसऱ्यानं वात सांगितला आणि काढा दिला. फादरनी प्रार्थना सांगितली. शेजारची एक आजीबाई नाक मुरडून म्हणाली, "आमच्या वेळी नव्हती हो असली हलकी मुलं." जणू पोरगी मुद्दाम करत होती. प्रत्येकानं काहीतरी दिलं. कुणी काही थांबवलं नाही.

रोज सकाळी पायरीवर काहीतरी यायचं, रोज म्हातारा ते टाकून यायचा, आणि रोज बाय हलकी व्हायची. दिसायला होती तशीच. गाल तसेच, हातापायाच्या वळ्या तशाच. नुसतं वजन जात होतं. पंखा लावला की ती पाळण्यात सरकायची. शेवटी आगाथानं जुन्या जाळ्याचं शिसं सोडवलं आणि त्याचे मणी बायच्या झबल्याच्या काठात एकेक करून शिवले.

शिवता शिवताच तिनं विचारलं, "पापा, तुम्ही सकाळी खाडीवर काय टाकून येता?"

"कचरा."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? खाडीचा."

"काल मी हिला धरून बसले होते. तुम्ही तिकडं टाकलंत, ते मला इकडं हातात कळलं. कुणी काढून घ्यावं तसं गेलं हिच्यातलं."

"मला अक्कल शिकवू नकोस, गो. या गावात माझं वजन आहे."

आगाथानं दोरा दातानं तोडला. "आहे ना. तुमचं आहे. हिचं राहिलं नाही."

म्हातारा तोंड फिरवून नव्या गोठ्याला चमकी लावायला निघून गेला. यंदाचा गोठा सगळ्यांत मोठा होता. घरापुढची अर्धी ओटी त्या एका गोठ्यानंच व्यापली होती.

नाताळच्या आदल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, गोठे बघायला फादर आणि गावची मोठी माणसं निघाली. त्याच वेळी खाडीला उधाण आलं. ना वारा, ना लाटेचा आवाज. पाणी गुपचूप बस्त्यावच्या अंगणात आलं, उंबऱ्याला लागलं आणि तसंच मागं गेलं. आणि मागं ठेवून गेलं ते पाहायला म्हातारा ओटीच्या कडेला आला.

त्याचा आजवरचा प्रत्येक गोठा होता. थर्माकोलचे डोंगर, थर्माकोलचे राजवाडे, थर्माकोलचा बर्फ, सगळं काळंपिवळं. वारा नसताना तुकडे एकमेकांवर घासत होते आणि दात शिवशिवतील असा किरकिर आवाज येत होता. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर लाल रंगात मोठं नाव: बस्त्याव. बस्त्याव. बस्त्याव. स्पर्धेत नाव घालावं लागे, आणि तो ते ठसठशीत घाली. खाडीनं लोखंडाचे नांगर खाल्ले होते. हे नाव खाल्लं नव्हतं.

पायरीशी बाळ येशू निजले होते, लहानमोठे, एकाशेजारी एक. सगळे दाराकडं बघत.

गल्लीच्या तोंडाशी मोठी माणसं दिसली. त्यांच्यात पुढं होता इनास, बस्त्यावच्याच वयाचा, दरवर्षी दुसरा येणारा. तो लांबूनच ओरडला, "अरे बस्त्याव, हा काय उकिरडा मांडलायस? ओहोटी लागलीय, ढकल पाण्यात! तोवर आम्ही पलीकडचं घर बघून येतो."

म्हातारा अंगणात उतरला. एक मोठा तुकडा धरून तो पाण्याकडं ओढू लागला. तुकडा ओल्या चिखलात चार पावलं गेला असेल नसेल, तोच घरातून आगाथाची किंकाळी आली.

तो दाराशी धावला. बाय आईच्या हातात नव्हती. बाय वर होती, कौलांखाली, खांदा वाशाला लागलेला. शिशाचे मणी खाली लोंबत होते आणि तरी ती वरच होती. रडत नव्हती. कौलांमधल्या एका फटीतून ती खाडीकडं बघत होती आणि हळूच हसत होती, कुणी ओळखीचं बोलवत असावं तशी. आगाथा स्टुलावर चढून झबल्याचा काठ धरून लोंबकळत होती, आणि शिवण उसवत चालली होती.

"पापा, टाकू नका! आत घ्या ते! सगळं आत घ्या!"

"आत?" म्हातारा ओरडला. "घरात जागा कुठं आहे?"

आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

दर नाताळला गावातली पोरं त्याच्या गोठ्यापुढं बसायची, आणि तो त्यांना ती गोष्ट सांगायचा. दिवस भरलेली मारिया दारोदार फिरते, आणि धर्मशाळेचा मालक म्हणतो, जागा नाही. तिथं आला की बस्त्याव त्या मालकाला शिव्या घालायचा, पोरं हसायची. तेच उत्तर आत्ता त्याच्या तोंडातून आलं होतं, आणि पायरीवरचे सगळे बाळ येशू ते ऐकत होते.

इतक्यात शिवणीतून एक मणी सुटला आणि टणकन जमिनीवर पडला. बाय अजून वर सरकली. फटीशेजारचं एक कौल हललं.

म्हातारा अंगणात पळाला. चिखलातला तुकडा त्यानं छातीशी धरला आणि घरात आणला. बाय वीतभर खाली आली. मग तो थांबलाच नाही. खाटेखाली भरलं, माळ्यावर भरलं, चुलीपाशी भरलं, कपाटातले कपडे काढून कपाटात भरलं. ओटीवरचा नवा गोठा वाटेत येत होता. त्यानं तो खांद्यानं भिंतीशी रेटला. धबधबा फुटला, दिवे विझले, बर्फ सांडला. तो बर्फही त्यानं वेचून आतच ठेवला. जुने बाळ येशू एकेक उचलून आणले. शेवटी तो एक डोळा गेलेला राहिला आणि घरात खरोखरच जागा उरली नाही. म्हाताऱ्यानं त्याला स्वतःच्या उशीवर निजवलं.

तेव्हा बाय आगाथाच्या मांडीवर उतरली, आणि आगाथाची मांडी खाली दबली.

"आली," आगाथा एवढंच म्हणाली आणि रडू लागली. पोरगी पण रडू लागली, मोठ्यानं, भोकाड पसरून.

मोठी माणसं दारात आली. आत कमरेइतका चिखलातला कचरा, आणि त्यात बसलेला बस्त्याव. फादरनी नाकाला रुमाल लावला. "म्हाताऱ्याला भ्रम झाला," असं म्हणून सगळे हसले आणि पहिला नंबर इनासला देऊन मोकळे झाले. बस्त्यावचं गावातलं वजन त्या संध्याकाळी गेलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. वाटलं. पण दुसऱ्या दिवशी देवळात बाप्तिस्म्याच्या वेळी फादरनी बायला एका हातानं घ्यायला पाहिलं आणि त्यांना पाणी ओतायचा शिंपला खाली ठेवून दोन्ही हात लावावे लागले, तेव्हा म्हाताऱ्यानं डोळे पुसले. बोटीवरून आलेल्या बापानं पोरीचं नाव ठेवलं इमेल्दा.

तीन राजांचा सण झाला. ओहोटी लागली. धक्क्यावर गोठ्यांनी भरलेल्या होड्या उभ्या राहिल्या, सगळ्यांत पुढं इनासची. बस्त्याव गुडघाभर चिखलात उतरला आणि इनासच्या होडीची दोरी धरून उभा राहिला.

"सोड रे," इनास म्हणाला. "स्वतःच्या घराचा उकिरडा केलास, आता आमच्याही करतोस?"

"तुझ्या घरात पाळणा आहे ना?"

"आहे. नातू आहे. मग?"

"मग घरी जा. त्याला उचल. आणि ये."

होड्यांवरची म्हातारी माणसं खदाखदा हसली. इनासही हसला. "उचलतो की. आणि येऊन तुला पण उचलून खाडीत टाकतो."

तो गेला. होड्या पाण्यावर हलत राहिल्या. आतला थर्माकोल किरकिरत राहिला.

इनास परत आला तेव्हा सावकाश चालत आला. दोन्ही हात पुढं धरलेले, तळवे वर, अजून काहीतरी धरलं असावं तसे. तो त्या हातांकडं बघत होता; नातू त्यांना हलका लागला होता. तो होडीत चढला, आपला पहिल्या नंबराचा गोठा त्यानं उचलला आणि तो घेऊन घराच्या वाटेला लागला.

मागच्या होडीतल्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. मग ज्यांच्या ज्यांच्या घरी पाळणा होता, ते सगळे धावत सुटले.

तात्पर्य: सण आपला, तर सणाचा कचराही आपलाच. तो लांब टाकता येत नाही, कारण लांब नावाचं गाव कुठंच नाही. जे तिथं टाकाल ते पोरांच्या वाट्याला येतं. आणि ही गोष्ट पोरांना सांगून थांबू नका. पोरांना कळते. म्हाताऱ्यांना सांगा.