दोन दांड्यांचं विमान

“...ते राहू द्या. हात वर होते की नव्हते, तेवढं सांगा.”

पिराच्या डोंगरावर, कातळात खोदलेल्या टाक्याच्या काठावर बसून नबीशा फकीर बादलीला दोर बांधत होता.

विनायक टिपणीसनं तिसऱ्यांदा विचारलं होतं. उजाडल्यापासून तो हा डोंगर चढत आला होता, कपाळावरची जखम अजून ओली होती, आणि हा म्हातारा गाठी मारत बसलाय.

म्हाताऱ्यांचं हे नेहमीचंच. माहीत असतं तेव्हा बोलत नाहीत, माहीत नसतं तेव्हा थांबत नाहीत.

गोष्ट एवढीच होती. महायुद्धाचे दिवस. वैमानिक हवे होते, तेही झटपट. म्हणून कॉलेज सोडून आलेल्या पोरांना माळावरच्या शाळेत घाईघाईनं उडायला शिकवत. शिकवायचं विमान दोन दांड्यांचं. पुढे शिकवणारा, मागे शिकणारा, दोघांपुढेही विमान वळवायचा एकेक दांडा. एकाचा दांडा हलला की दुसऱ्याचा हलतो. वाऱ्यात बोललेलं धड ऐकू येत नाही, म्हणून त्या शाळेची एक रीत होती. पुढच्यानं दोन्ही हात डोक्यावर केले, की विमान मागच्याचं.

पंधरवड्यापूर्वी पुढे कांगासाहेब होते, मागे टिपणीस. आणि विमान कोणीच चालवत नव्हतं. टिपणीसला वाटलं, साहेब चालवतायत. साहेबांना वाटलं असावं, पोरगा चालवतोय. विमान आपलं आपण आलं आणि या डोंगराच्या उतारावर आदळलं. टिपणीस कारवीच्या झुडपांत फेकला गेला. कांगासाहेब जागच्या जागी गेले.

उद्या चौकशीला तीन अधिकारी बसणार होते. हात वर असतील, तर विमान टिपणीसचं होतं आणि माणूस त्यानं मारला. नसतील, तर मेलेल्याच्या नावावर डाग. आणि टिपणीसनं बघितलंच नव्हतं. त्याची नजर उंचीच्या काट्यावर होती.

बघणारा एकच. हा.

“होते,” फकीर म्हणाला.

“नक्की?”

“अगदी समोरून गेलं की. पुढच्यानं हात वर केले. मला वाटलं, सलाम करतोय. मीपण केला.”

“तुम्ही सलाम केलात.”

“कोणी केला तर आपण करावा, बेटा.”

हसावं की म्हाताऱ्याला टाक्यात ढकलावं, टिपणीसला कळेना.

“विमानाचं नाक खाली जायच्या आधी केले की नंतर? नंतर केले असतील तर घाबरून केले असतील. डोंगर दिसला म्हणून.”

“मला नाकाचं काय कळतंय?”

“मग हातांचं सांगा. ताठ होते, की असे तोंडापुढे?”

“आधी पाणी,” म्हणत फकीर उठला आणि त्यानं बादली आत सोडली. “तहानेनं बडबडतोयस. धर मागनं.”

टिपणीस त्याच्या मागे उभा राहिला. दोर धरला. धरला म्हणजे काय, हात टेकवला. ओढत म्हाताराच होता, आणि दोर मुठीतून गुमान वर येत होता.

“सांगा ना, बाबा. कसे होते?”

“असे,” म्हणून फकिरानं दोन्ही हात डोक्यावर नेले.

ताठ? हो, ताठ. बोटं मोकळी. पंजे आत वळलेले, की बाहेर... टिपणीस मान उंचावून बघत राहिला. या खेपेला नजर हटवायची नाही.

दोर मुठीतून सळसळत गेला. खाली बादली आपटली. पाठोपाठ दोराचं टोकही पाण्यात गेलं.

दोघं वाकून बघत राहिले. कातळात पाय ठेवायला खोबणी होत्या. शेवाळलेल्या, काळोखात उतरत गेलेल्या.

“दुसरा दोर?”

“नाही.”

“तुम्ही सोडलात.”

“हात वर केले होते की.”

“मी हातच बघत होतो.” टिपणीसचा आवाज चिरकला. “मागे वळून बघायचं नाही, खुशाल सोडून द्यायचं, आणि वर म्हणायचं, हात केले होते. तुम्ही मोठे ना? मागच्यानं धरलंय की नाही, हे सोडायच्या आधी कोणी बघायचं?”

बोलून गेला आणि गोंधळला. हे त्याला उद्या बोलायचं होतं का? आणि आत्ता तो बोलला ते कोणाला... या म्हाताऱ्याला, की त्या मेलेल्याला?

फकिरानं उताराकडे बघितलं. तिथे अजून गवत जळलेलं होतं.

“मी बघायचं,” तो म्हणाला. “खरं आहे तुझं.”

भांडायला आलेल्याच्या हातातली काठीच काढून घ्यावी, तसं झालं. आजवर एकाही मोठ्या माणसानं त्याला असं उत्तर दिलं नव्हतं. त्याचं पुढे काय करायचं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

“मग?” त्यानं विचारलं.

फकिरानं काठावर बसकण मारली आणि खोबणींकडे बोट दाखवलं.

“मग काय. आता उतर.”